होनाजीचा माग आणि पोलिसांची शाळा

आजची गोष्ट पहाटे साडेपाच वाजता सुरू होते. जुन्नर, मंचर, घोडेगाव, कुठल्याही रस्त्याला त्या वेळी जाऊन बघा. अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. बरोबर ओळखलंत, पोलीस भरती! मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. लेखीत काय असतं? अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी.

आता मला सांगा, यात गुन्हा, पुरावा, न्याय हे विषय कुठे आहेत?

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाचा प्रकार असतो. घराजवळचं, कमी फीचं, दोन वर्षांचं कॉलेज. तिथे 'क्रिमिनल जस्टिस' हा विषय घेऊन असोसिएट डिग्री मिळते. म्हणजे वर्दी चढवायच्या आधीच पोरगा कायदा, कोर्ट, तुरुंग आणि तपास शिकून येतो. आपल्याकडे आधी भरती, मग शिकवणी. हे असं का झालं? उत्तर शोधायला दीडशे वर्षं मागे जाऊ. फार लांब नाही जायचं, इथेच, आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीला.

जांभोरीचा होनाजी भागुजी केंगले. इंग्रजांच्या कागदात त्याचं नाव 'होन्या'. १८७३ मध्ये त्याने माणसं जमवली आणि सावकारांवर धाडी घालायला सुरुवात केली. पश्चिम पुणे, नगर, घाटाखाली कल्याणपर्यंत त्याची दहशत. १८७४ मध्ये सरकारने जाहीरनामा काढला: होनाजीला पकडून देणाऱ्याला १००० रुपये, त्याच्या साथीदारांसाठी २०० ते ६०० रुपये. कर्नल स्कॉट आणि सिंक्लेअर या अधिकाऱ्यांच्या हाताखाली १७५ बंदूकधारी पोलीस सोडले. तरी दोन वर्षं हा गडी सापडेना! डोंगर त्याचा, रानवाटा त्याच्या, माणसं त्याची. शेवटी जुलै १८७६ मध्ये मेजर डॅनियल या पोलीस सुपरिटेंडेंटने त्याला पकडलं.

केस संपली? थांबा.

होनाजी डोंगरात फिरत होता, त्याच काळात, १२ मे १८७५ ला, याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले. गंमत बघा, त्यांना सावकाराच्या पैशापेक्षा त्याचे कागद हवे होते. कर्जखतं हिसकावली आणि जाळली. कारण अंगठा उठवलेला तो कागद कोर्टात गेला की कोर्ट सावकाराच्या बाजूने हुकूमनामा द्यायचं. मूळ कर्ज किती होतं, व्याज किती चढवलं, हे विचारणारं फारसं कुणी नव्हतं.

या दंग्यांनंतर सरकारने एक वेगळी गोष्ट केली. चौकशी आयोग नेमला. पोलीस विचारत होते, 'कोणी केलं?' आयोगाने विचारलं, 'का केलं?' आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. आता कोर्टाला कागदाच्या मागे जाऊन कर्जाचा सगळा इतिहास तपासणं भाग पडलं. कर्ज फिटलं नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकणंही बंद झालं.

माझ्या मते क्रिमिनल जस्टिस हा विषय इथेच सुरू होतो. 'कोण' आणि 'का' हे दोन प्रश्न एकत्र आले की. १७५ बंदुकांनी एक माणूस सापडला. पण माणसं डोंगरात का जातात, हे शोधायला कागद वाचावे लागले, जबान्या घ्याव्या लागल्या.

आणि 'का' विचारलंच नाही तर काय होतं? त्याचंही उदाहरण त्याच दशकातलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या! तो डाग कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं.

बरं, मग पोलिसांच्या शिक्षणाचं काय? १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने देशभर फिरून सांगितलं की पोलिसांचं प्रशिक्षणच कच्चं आहे. त्यानंतर १९०६ मध्ये मुंबई प्रांताची पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली. कुठे माहितीये? पुण्यात, भांबुर्ड्याला. म्हणजे आजचं शिवाजीनगर! १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी.

जवळपास त्याच वेळी अमेरिकेत, बर्कली शहरात, ऑगस्ट व्हॉलमर नावाचा पोलीसप्रमुख होता. आधी पोस्टमन, स्वतःचं शिक्षण बेताचं. पण १९०८ मध्ये त्याने आपल्या शिपायांसाठी शाळा काढली आणि पुढे हा विषय थेट विद्यापीठापर्यंत नेला. १९६८ च्या कायद्याने पोलिसांच्या शिक्षणासाठी सरकारी पैसा आला, आणि कम्युनिटी कॉलेजांमध्ये हे अभ्यासक्रम भराभर निघाले.

फरक लक्षात आला? आपल्याकडे शाळा खात्याच्या आत राहिली. तिकडे ती गावातल्या कॉलेजात आली, कुणालाही बसता येईल अशी.

आज याची गरज जास्तच आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, अशी तरतूद त्यात आहे. ही माणसं कुठून येणार? २०२० च्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. म्हणजे असोसिएट डिग्रीचा सांगाडा आपल्याकडे आलाय. त्यात हा विषय भरून जुन्नर-घोडेगावच्या कॉलेजात कुणी सुरू करेल का, हा खरा प्रश्न आहे.

कारण भरतीत जागा थोड्या आणि पळणारे हजारो. एका गुणाने राहिलेल्या पोरीच्या हातात काय उरतं? स्टॉपवॉचवरची वेळ. तीच पोरगी दोन वर्षं कायदा आणि पुरावा शिकली असती, तर वकिलाच्या ऑफिसात, प्रयोगशाळेत, नाहीतर गावची पोलीस पाटील म्हणून तिला ते शिक्षण कामी आलं असतं.

तोवर एक करा. पळायला जाताच ना? आल्यावर रोज नव्या कायद्याची दोन कलमं वाचा. सरकारी वेबसाइटवर फुकट आहेत. आणि प्रत्येक कलमाला दोन प्रश्न विचारा: कोण? आणि का?

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!