मेणा दरवाजापाशी

"रोपवेने गेलात? मग रायगड पाहिला असं म्हणू नका."

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मी म्हटलंय. कॉलेजात आमचा ट्रेकचा ग्रुप होता आणि पाळण्यातून गडावर उतरणाऱ्या लोकांकडे आम्ही जरा तुच्छतेनेच बघायचो. चित दरवाजापासून चौदाशेच्या वर पायऱ्या चढायच्या, घामाघूम होऊन महादरवाजात टेकायचं, तेव्हा कुठे गड आपला होतो अशी आमची समजूत. ती मला मामाकडून मिळाली होती. मी नऊ वर्षांची असताना तोच मला पहिल्यांदा रायगडावर घेऊन गेला. वाटेत मी रडायला लागले तेव्हा म्हणाला, "बस हवं तर, पण उचलून घेणार नाही. गड आपल्या पायांनी चढायचा असतो."

सहा वर्षांपूर्वी मामाला अपघात झाला. मणक्याला मार लागला आणि तेव्हापासून तो व्हीलचेअरवर आहे. गेल्या हिवाळ्यात एक दिवस म्हणाला, "एकदा रायगडला जाऊन येऊ या. रोपवेने." शेवटचा शब्द त्याने इतका हळू उच्चारला, जणू काही चोरी कबूल करत होता.

जायच्या आधी मी रायगडाविषयी पुन्हा वाचायला बसले. या वेळी लढाया आणि तहांपेक्षा एकच गोष्ट शोधत होते. या गडावर कोण कसं चढलं?

हा प्रश्न फार जुना आहे. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्याला आधी काही दिवस पायथ्याच्या पाचाडात थांबावं लागलं आणि मग वर जायला मिळालं. सोहळ्याचं वर्णन त्याने लिहून ठेवलंय. त्यात एक नोंद आहे. वाड्याच्या दारात दोन लहान हत्ती आणि दोन देखणे घोडे उभे होते. इतक्या बिकट वाटेने ही जनावरं वर आणली तरी कशी, याचं त्याला नवल वाटलं. हत्ती पिल्लं असतानाच गडावर आणली असणार, असं आपल्याकडे सांगतात. ते काहीही असो. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका पाहुण्याला रायगडावर पडलेला प्रश्न 'हे वर कसं आलं?' हाच होता.

हत्ती जाऊ द्या, माणसांचं काय? याच सोहळ्याच्या वेळी जिजाऊ शहात्तर वर्षांच्या होत्या. गडावरची थंड, वाऱ्याची हवा त्यांना मानवत नव्हती, म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी पाचाडला वाडा बांधला. त्या वाड्याचे अवशेष आजही आहेत. राज्याभिषेकाचा सोहळा त्यांनी पाहिला आणि अवघ्या अकरा-बारा दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, पाचाडातच त्या गेल्या. त्यांची समाधीही तिथेच, गडाच्या पायथ्याशी.

ही गोष्ट शाळेत शिकलो तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं. ज्या राजाने हा गड राजधानी म्हणून निवडला, त्याच्या आईला तो सोसत नव्हता. त्यावर 'गडावर राहाल तरच राजमाता' असं कोणी म्हटलं नाही. त्यांच्या तब्येतीला जमेल अशा जागी घर उभं राहिलं. आणि त्या वयात त्या ही उभी चढण पायी चढून सोहळ्याला गेल्या असतील, असं मला तरी वाटत नाही. त्यांना कोणीतरी नेलं असणार.

नेण्याची व्यवस्था होतीच, आणि तिचा पुरावा गडाच्या बांधकामातच आहे. राणीवशाच्या बाजूला एक दरवाजा आहे, त्याचं नाव मेणा दरवाजा. मेणा म्हणजे बायकांसाठीची झाकलेली पालखी. राण्यांचे मेणे या दरवाजातून ये-जा करत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. म्हणजे ज्या गडावर पायी चढण्याचा आपण इतका अभिमान बाळगतो, त्याच्या एका दरवाजाला उचलून नेलेल्या माणसांच्या वाहनाचं नाव आहे. हे मेणे खांद्यावर घेऊन चढणारे भोई मात्र आपल्याला माहीत नाहीत. गड चढण्याचा खरा पराक्रम कोणाचा, हे ठरवायचंच झालं तर तो त्यांचा.

पण रायगडाची सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट मेण्याची नाही, हिरकणीची आहे. दूध विकायला आलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. त्या काळच्या कागदपत्रांत ही कथा सापडत नाही, ती लोकांनी जपलेली आहे. तिचा शेवट आपण अनेकदा नीट ऐकत नाही. महाराजांनी हिरकणीचा सत्कार केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून ती वाट बंद केली. साहजिक आहे. जिथून एक आई उतरू शकते, तिथून शत्रू चढू शकतो.

इथे मला रायगडाच्या अवघडपणाचा अर्थ लागला. गड अवघड होता तो शत्रूसाठी. बुरूज, वळणं घेत जाणारी वाट, महादरवाजासमोर एकदम येणारी अडचणीची जागा, हे सगळं येणाऱ्याला दमवण्यासाठी आणि थांबवण्यासाठी होतं. आपल्या माणसांसाठी मेणे होते, भोई होते, पाचाडचा वाडा होता. दमछाक ही गडाची संरक्षणव्यवस्था होती. आपण तिला प्रवेश परीक्षा करून टाकलं.

हे कधी झालं? मला वाटतं, गड ओस पडल्यानंतर. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून रायगड घेतला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. त्यानंतर राबता संपला, वाडे पडले, झाडोरा माजला. १८६९ मध्ये जोतीराव फुले रायगडावर गेले आणि महाराजांच्या समाधीची दुरवस्था त्यांनी लोकांपुढे आणली. १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गडावर शिवउत्सव भरला. आता गडावर कोणी राहत नव्हतं. तिथे जाणं ही यात्रा झाली होती, आणि यात्रेत कष्टाला पुण्य असतं. आमच्या ट्रेकच्या ग्रुपला ठाऊक नसेल, पण आमचा अभिमान या यात्रेचाच वारस होता.

टिळकांच्या उत्सवानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ मध्ये, रोपवे सुरू झाला. योगायोग पाहा. पायथ्याचं स्टेशन आहे हिरकणीवाडीत. जिच्या नावाने कडा उतरण्याची गोष्ट सांगतात, तिच्याच वाडीतून पाळणा सुटतो, सुमारे चारशे वीस मीटर उंची काही मिनिटांत चढतो आणि मेणा दरवाजाच्या खालच्या अंगाला थांबतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत अपंग व्यक्तींसाठीचा १९९५ चा कायदा अमलात आला. सार्वजनिक इमारतींत रॅम्प असावेत ही अपेक्षा देशाच्या कायद्यात पहिल्यांदा त्यात आली. कायदा आणि रोपवे एकाच वर्षी आले, पण त्यांची गाठ पडायला वेळ लागतोय.

आम्ही जानेवारीत गेलो. खाली व्हीलचेअर घडी केली, मामाला मी आणि माझ्या भावाने पाळण्यात बसवलं. पाळणा सुटला तशी वाडीची घरं लहान होत गेली. मामा काहीच बोलला नाही. मग कड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "एवढ्या वेळा आलो, पण हा कडा असा समोरून कधी बघितलाच नव्हता. चढताना माणूस पायाखालीच बघतो."

वर उतरलो आणि समोर पायऱ्या. मेणा दरवाजाकडे जाणाऱ्या.

डोंगर चारशे वीस मीटर चढून झाला होता. अडलं ते शेवटच्या काही मीटरवर. हे रायगडापुरतं नाही. उंच जागी पोचवणारं यंत्र बनवणं जगाला केव्हाच जमलंय. केपटाउनच्या टेबल माउंटनवर १९२९ पासून केबल कार आहे. १९९७ मध्ये तिथे नवे गोल पाळणे आले. एकात ६५ माणसं मावतात आणि वर जाताना पाळण्याची फरशीच गोल फिरते, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसालाही चारी बाजू दिसतात, त्याला इतरांच्या पाठी बघत बसावं लागत नाही. वर पठारावर व्हीलचेअर जाऊ शकेल अशा वाटा केल्या आहेत. तिथे पाळणा आणि वाट हे एकच काम मानलं गेलं.

रायगडाचं उत्तर इतकं सोपं नाही, हे मान्य. टेबल माउंटन निसर्गाने घडवलाय, रायगड माणसांनी बांधलाय. तो संरक्षित स्मारक आहे, २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीतही आहे. जुन्या दगडी पायऱ्यांवर सिमेंटचा उतार ओतावा असं मामालाही वाटत नाही, मलाही नाही. पण दगडाला हात न लावता उतार करता येतो. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग मुंबईतल्या परिषदेसाठी भारतात आले आणि मग दिल्लीला गेले. तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतर अशा स्मारकांत त्यांच्यासाठी तात्पुरते लाकडी रॅम्प लावले गेले. त्यासाठी अपंग हक्कांचे कार्यकर्ते जावेद अबिदी यांना आवाज उठवावा लागला होता. म्हणजे फळ्या होत्या, सुतार होते, दगडही शाबूत राहिला. फक्त कोणीतरी येणार आहे, हे आधी मान्य करावं लागलं.

आम्ही पायऱ्यांशी उभे असताना कोल्हापूरची चार पोरं वरून उतरत होती. "काका, वर जायचंय का?" एकाने विचारलं. मामाने माझ्याकडे पाहिलं, मग पायऱ्यांकडे. "चला," म्हणाला. चौघांनी खुर्ची चारी बाजूंनी धरली आणि मामा मेणा दरवाजातून आत गेला. नाव सार्थ झालं म्हणून तो हसलासुद्धा. पोरांनी त्याच्यासोबत सेल्फी काढला, एकाने घोषणा दिली आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मग मामा म्हणाला, "पोरं गुणी आहेत. पण अगं, राणीला भोई ठरलेले असायचे. मला चार पोरं भेटली म्हणून मी आत आलो. नसती भेटली तर?"

यात सगळं आलं. उचलून नेलं जाण्यात कमीपणा नाही, तसा तो राण्यांनाही वाटला नसावा. प्रश्न आहे तो भरवशाचा. रोपवे तुमच्या तब्येतीची चौकशी करत नाही, तिकीट काढलं की नेतो. पुढच्या पायऱ्यांवर मात्र कोणाच्या तरी चांगुलपणाची वाट बघावी लागते. मला उचलून न घेणाऱ्या मामाला आता ती बघावी लागत होती.

राणीवशाच्या पुढे खुर्ची नेणं जमेना, म्हणून तो तिथेच उन्हात थांबला. भाऊ त्याच्याजवळ बसला. "तू बाजारपेठ बघून ये," तो मला म्हणाला, "आणि जोत्यांचे फोटो काढ. शेजारी उभी राहून काढ, म्हणजे उंची कळेल."

बाजारपेठेची ती समोरासमोरची लांबलचक जोती तुम्ही पाहिली असतील. घोड्यावरून न उतरता खरेदी करता यावी म्हणून ती इतकी उंच बांधली, असं गाइड सांगतात. ती बाजारपेठच होती का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मी एका मुलीला फोन देऊन जोत्याशेजारी उभी राहिले आणि फोटो घेऊन परत आले.

मामाने फोन हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला.

"गाइडची गोष्ट खरी असेल," शेवटी तो म्हणाला, "तर हे बसलेल्या माणसाच्या सोयीने बांधलंय."

खाली उतरायला पुन्हा चार माणसं शोधायची होती. मी आणि भाऊ दरवाजाशी जाऊन उभे राहिलो.