विधी साहाय्य केंद्र (विधी महाविद्यालयांतील)

गरजू पक्षकाराला मोफत कायदेशीर मदत आणि विद्यार्थ्याला प्रत्यक्ष कामाचा अनुभव एकाच ठिकाणी मिळावा, म्हणून विधी महाविद्यालयाने चालवलेले केंद्र. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘लीगल एड सेल’ किंवा ‘क्लिनिक’. यातला दुसरा शब्द वैद्यकातून आला आहे. डॉक्टर जसा रुग्णाच्या खाटेशेजारी घडतो, तसा वकील पक्षकाराशेजारी बसून घडावा, असा त्यामागचा विचार. अमेरिकी विधिज्ञ जेरोम फ्रँक यांनी 1933 मध्ये एका लेखातून तो जोरकसपणे मांडला.

भारतात ही तुलना एका जागी लंगडी पडते. शिकाऊ डॉक्टर रुग्णाला तपासतो. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला मात्र न्यायालयात पक्षकारातर्फे तोंड उघडता येत नाही. अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार वकिली करण्याचा हक्क सनदधारकालाच आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत विद्यार्थ्यांना देखरेखीखाली काम चालवू देणारे नियम आहेत. आपल्याकडे देशभर लागू असा नियम नाही. म्हणून इथल्या केंद्राचे काम न्यायालयाच्या पायरीपर्यंतचे असते. ही उणीव खरी, पण गरीब माणसाची वाट बहुधा पायरीच्या अलीकडेच अडते, आणि ते पाहायला विद्यार्थी तिथे हजर असतो.

कायदेशीर पाया : 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 39-अ घातला गेला आणि मोफत कायदा साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व बनले. महाराष्ट्रातील दोन प्रकरणांनी त्याला धार आणली. होस्कोट प्रकरणात (1978) सर्वोच्च न्यायालयाने कैद्याला अपिलासाठी निकालाची प्रत आणि गरजेनुसार मोफत वकील मिळालाच पाहिजे, असे म्हटले. पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात (1983) मुंबईच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांशी बोलायला न्यायालयाने निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना पाठवले. त्यांच्या अहवालातून मारहाणीच्या तक्रारींबरोबर कायदेशीर मदतीची दुरवस्थाही पुढे आली. या कामासाठी विधी महाविद्यालयाचे नाव न्यायालयाला सुचले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 हा 9 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाला. विद्यापीठे आणि विधी महाविद्यालयांत अशी केंद्रे उभी राहावीत म्हणून प्रयत्न करणे, हे त्याने राष्ट्रीय प्राधिकरणाचे (नाल्सा) कामच ठरवले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयाला केंद्र सक्तीचे केले. ज्येष्ठ प्राध्यापकाची देखरेख, अंतिम वर्षाचे विद्यार्थी आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या वकिलांची यादी अशी त्याची रचना आहे. त्याच नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. ती एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही. पक्षकाराच्या दोन मुलाखती ‘पाहून’ रोजनिशीत नोंदवल्या की 15 गुण. मुलाखत स्वतः घेण्याची अट त्यात नाही.

कामाचे स्वरूप : चांगल्या केंद्रात विद्यार्थी आधी ऐकायला शिकतो. समोरची बाई पोटगीबद्दल विचारायला आलेली असते आणि अर्धा तास सासूबद्दल बोलते. त्यातून लग्नाची तारीख, नवऱ्याची नोकरी आणि घर सोडल्याचा दिवस वेगळा काढायचा असतो. मग पिशवीतल्या कागदांची छाननी. शिधापत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरेच. 1987 च्या अधिनियमाच्या कलम 12 नुसार स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळू शकतो. हे पक्षकाराला ठाऊक नसतेच. पुष्कळदा विद्यार्थ्यालाही ते तिथेच कळते. पुढे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, नक्कल मिळवण्याची खटपट आणि पुढची तारीख समजावून सांगणे. नाल्साच्या 15100 या मदत क्रमांकाचा फलक लावून यातले काही होत नाही.

तुरुंगभेटीत शिकवण सर्वांत कडक असते. जामिनावरचे व्याख्यान ऐकलेल्या मुलाला जामीन मंजूर होऊनही आत बसलेला माणूस भेटतो, कारण त्याच्याकडे जामीनदार नाही, आणि असला तर जामीनदाराकडे ऐपतीचा दाखला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 च्या आदेशात अशा कैद्यांची दखल घेतली. सात दिवसांत सुटका न झाल्यास तुरुंग अधीक्षकाने जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचे असते. अशा कैद्यांची यादी ताडून पाहणे, जातमुचलक्यावर सुटकेसाठी अर्जाचा मसुदा करणे, ही कामे विद्यार्थ्याला सनदेशिवाय जमतात.

उदाहरणे : गोव्यात पणजीजवळच्या मिरामार येथील व्ही. एम. साळगावकर विधी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या गटांकडे गावोगावचे साहाय्य कक्ष सोपवण्याची पद्धत रुजवली. पक्षकाराने शहरात यायचे, हा नेहमीचा क्रम त्यामुळे उलटला. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील मृत्युदंडविषयक प्रकल्पात विद्यार्थी देशभरच्या तुरुंगांत गेले; 385 पैकी 373 कैदी त्यात सहभागी झाले आणि 2016 मध्ये अहवाल निघाला. पुढे हा उपक्रम घटनेतील अनुच्छेदावरून ‘प्रोजेक्ट 39ए’ म्हणून ओळखला गेला. पुण्यातील 1994 च्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये त्याला सोडले. तोवर तो 28 वर्षे तुरुंगात होता. त्याची बाजू लढवण्यात या प्रकल्पाचा वाटा होता.

उणिवा : अनेक ठिकाणी केंद्र म्हणजे बंद खोली, दारावर पाटी आणि वर्षातून एक शिबिर. शिबिरात व्यासपीठ, हारतुरे, मान्यवरांची भाषणे आणि मागे सतरंजीवर बसलेले गावकरी. एखाद्याचा सातबाऱ्याचा प्रश्न आभारप्रदर्शनानंतर विचारायचा राहून जातो. पूर्णवेळ अध्यापकाला वकिली करण्यावर निर्बंध असल्याने देखरेख करणारे सरही स्वतः न्यायालयात उभे राहू शकत नाहीत. इंटर्नशिपची प्रमाणपत्रे ओळखीच्या वकिलाकडून मिळतात, रोजनिशी वर्गमित्राच्या वहीवरून उतरते. सर्वांत अवघड गाठ वेळेची. वाटपाचा दावा पंधरा वर्षे चालू शकतो आणि विद्यार्थी तीन किंवा पाच वर्षांत बाहेर पडतो. म्हणून काही केंद्रांत प्रत्येक पक्षकाराची फाईल कनिष्ठ विद्यार्थ्याकडे लेखी सोपवतात आणि शक्य असेल तर ती जुन्या विद्यार्थ्यासमोरच देतात. जिथे तसे होत नाही, तिथे जूनमध्ये परत आलेल्या पक्षकाराला आपली हकिकत नव्या मुलासमोर पहिल्यापासून सांगावी लागते.