चांगल्या इंजिनाला भोक पाडण्याचा इतिहास



तत्त्वज्ञानाच्या माणसाने गॅरेजमध्ये कशाला शिरायचं, असं काहींना आजच्या विषयावरून वाटलं असेल. त्यावर आमचं उत्तर सोपं आहे. ‘मला हे कळलं’ असं माणूस कधी म्हणू शकतो, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न. आणि ट्रकवाल्याला तो फार खर्चिक रूपात भेटतो.

1989 च्या मॉडेलपासून अमेरिकेत डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं टर्बो डिझेल इंजिन येऊ लागलं. मजबूत इंजिन, मागे जड ट्रेलर ओढणारं. पण त्याच्या डॅशबोर्डवर एक्झॉस्टचं तापमान दाखवणारा काटा नव्हता. मोठ्या मालट्रकांवर असा काटा असे, ‘पायरोमीटर’ या नावाने. मग पिकअपचे मालक काय करत? धडधाकट इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करणाऱ्या बिडाच्या नळीला, ड्रिलने भोक पाडत, त्यात आटे पाडत आणि एक तापमापक सळी घुसवत. आपल्याच नव्या गाडीला स्वतःच्या हाताने भोक पाडायचं म्हणजे कारण तसंच असलं पाहिजे.

कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोलच्या जुन्या इंजिनात पाय दाबला की हवेची झडप उघडते आणि हवेच्या मागून इंधन येतं. डिझेलमध्ये हवेला अशी झडप नसते. पाय दाबला की वाढतं ते इंधन. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, असं झालं की ज्वलन अधिकाधिक गरम होत जातं. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही. पण कोलोरॅडोत डेन्व्हरच्या पश्चिमेला आयझेनहॉवर बोगद्याकडे चढणारा हमरस्ता घ्या. सुमारे 11,000 फूट उंची, हवा विरळ, मागे ट्रेलर आणि ड्रायव्हरचा पाय तळाला. रेडिएटरच्या पाण्याचा काटा तेव्हाही शांत असू शकतो, कारण पाणी सावकाश तापतं. एक्झॉस्टचा वायू मात्र काही सेकंदांत तापतो. पाणी बोलेपर्यंत पिस्टनची कड वितळायला लागलेली असू शकते, किंवा टर्बोचं चाक कामातून गेलेलं असू शकतं.

आता प्रश्न असा की काचेचा तापमापक जिथे टिकणार नाही, तिथली उष्णता मोजायची कशी? हा प्रश्न ट्रकच्याच काय, डिझेलच्याही आधीचा आहे. तो पहिल्यांदा नेटाने धरला तो एका कुंभाराने. जोसाया वेजवूड, इंग्लंडचा. त्याच्या भट्ट्यांत माल कधी कच्चा राही, कधी जळे, आणि कारागीर आगीचा रंग पाहून अंदाज बांधत. पारा साधारण 357 अंश सेल्सिअसला उकळतो. त्यापुढे तो गप्प. वेजवूडने 1782 साली रॉयल सोसायटीपुढे एक उपाय मांडला: ठराविक मातीचे छोटे तुकडे भट्टीत ठेवायचे आणि ते किती आकसले ते मोजायचं. जास्त आकसला तो जास्त तापला. पुढच्या वर्षी तो सोसायटीचा सभासद झाला.

युक्ती उत्तम होती, आकडे मात्र भलतेच निघाले. त्याच्या हिशोबाने बीड वितळायला 17,977 अंश फॅरनहाइट लागत. प्रत्यक्षात ते सुमारे 2,200 ला वितळतं. हसू येतं खरं, पण जरा थांबा. त्या काळी त्याला चूक ठरवायचं कशाच्या आधारावर? त्याच्याहून वरचा तापमापक कोणाकडेच नव्हता. मापनपट्टी तपासायला दुसरी पट्टी लागते, आणि ती पहिलीवरच बेतलेली असेल तर आपण गोल फिरत राहतो. यातून सुटका तर्काने झाली नाही. अनेकांनी वेगवेगळ्या पद्धतींनी मोजलं, त्यांचे आकडे हळूहळू एकमेकांजवळ आले, आणि वेजवूडचा आकडा एकटा पडला. आमच्या मते ज्ञान पुष्कळदा असंच पक्कं होतं.

ट्रकमधली सळी ज्या तत्त्वावर चालते ते 1821 चं, बर्लिनमधलं. थॉमस योहान झेबेक याने दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या टोकांना जोडून कडं केलं, एक सांधा तापवला आणि जवळच्या होकायंत्राची सुई हलली. गंमत अशी की झेबेकच्या मते हा चुंबकत्वाचा प्रकार होता. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या फरकातून येत असावं, इथपर्यंत त्याने मजल मारली. कड्यातून वीज वाहते आहे हे ओर्स्टेडने ओळखलं आणि नावही त्यानेच दिलं. झेबेक शेवटपर्यंत नाराजच. शोध लावणाऱ्याला आपण काय शोधलं ते कळलेलं असतंच असं नाही, एवढी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणातून घ्यावी असं आम्हाला वाटत आलं आहे.

पुढची साठ वर्षं हा सांधा बेभरवशाचाच राहिला. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये आन्री ल शातलिए याने प्लॅटिनम आणि प्लॅटिनम-ऱ्होडियम यांची जोडी घेतली, माहीत असलेल्या वितळबिंदूंशी ती पडताळली, आणि भट्टीवाल्यांना विश्वासाचं साधन मिळालं. पण प्लॅटिनम महाग. ट्रकच्या कामाचा स्वस्त धातू अमेरिकेत सापडला. आल्बर्ट मार्श याने 1906 साली निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. टोस्टरमध्ये लाल होणारी तार ती हीच. तिच्या जोडीला निकेल-ॲल्युमिनियमची तार आली आणि आज ज्याला ‘के टाइप’ म्हणतात ते थर्मोकपल तयार झालं. एका अंशाच्या फरकाला ते साधारण 41 मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे 700 अंशांना जेमतेम 29 मिलिव्होल्ट. पण साध्या काट्याला तेवढं पुरतं. अशा मीटरच्या दिव्याला बॅटरी लागते, काट्याला नाही. तो एक्झॉस्टच्या उष्णतेवरच हलतो.

टर्बोची कल्पना 1905 ची, आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची. बाहेर फुकट जाणाऱ्या वायूने एक चाक फिरवायचं आणि त्या चाकाने इंजिनात जास्त हवा कोंबायची. ट्रकमध्ये ती रुळायला काही दशकं गेली. पण रुळली तेव्हा एक्झॉस्ट हा इंजिनाचा नाजूक भाग झाला आणि सळी घालायची कुठे, हा वाद सुरू झाला.

हा वाद आम्हाला फार आवडतो. सोपी जागा टर्बोच्या पुढे, म्हणजे वायू टर्बोतून बाहेर पडल्यावर. तिथे भोक पाडताना कीस आत पडला तरी तो धुराड्यातून निघून जातो. पण टर्बो वायूतली उष्णता वापरूनच फिरतो, त्यामुळे चढावर भार असताना तिथलं तापमान 200 ते 300 अंश फॅरनहाइटने कमी असतं. आणि हा फरक कायम सारखा असता तर बेरीज करून भागलं असतं; तो भारानुसार बदलतो. नेमकं गरज असते तेव्हाच काटा दिलासा देतो. म्हणून जाणकार मॅनिफोल्डलाच भोक पाडतात. तिथला कीस मात्र थेट टर्बोत जाणार, आणि मिनिटाला लाखभर फेरे घेणाऱ्या पात्यांना तो सोसत नाही. मग ड्रिलला भरपूर ग्रीस फासायचं, थोडं कापून बिट बाहेर काढायचं, ग्रीसला चिकटलेला चुरा पुसायचा, टॅप मारताना पुन्हा तेच, शेवटी लोहचुंबक फिरवायचा. काही जण सरळ टर्बो उतरवून ठेवतात. वेळ जातो, पण आमचा कौल त्यांनाच.

सळीचं टोक वायूच्या मधोमध यावं लागतं. भिंतीला टेकलं तर ते बिडाचं तापमान सांगेल. आणि मॅनिफोल्ड बऱ्याचदा आतून दुभंगलेलं असतं: पुढच्या तीन सिलिंडरांची वाट वेगळी, मागच्या तिनांची वेगळी. सळी एका वाटेत, आणि बिघडलेला इंजेक्टर दुसऱ्या वाटेवर, तर काट्याला पत्ताच नाही. वायरीचंही तसंच. थर्मोकपलची तार कमी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडली, तर जोडाच्या ठिकाणी नवा सांधा तयार होतो आणि आकडा हळूच खोटा होतो.

एवढं केल्यावर मालकाला काय मिळतं? सळीच्या टोकाचं तापमान. पिस्टनचं नव्हे. तो संबंध त्यानेच लावायचा असतो. 1,250 ते 1,300 फॅरनहाइटच्या वर फार वेळ राहू नये हा दंडक अनुभवातून आला. शुद्ध ॲल्युमिनियम 1,220 ला वितळतं हे ऐकून लोक दोन्ही आकडे जोडतात, पण तेवढं सरळ ते नाही. पिस्टनला तेल थंड करत असतं. ड्रायव्हर मात्र शिकतो. काटा चढला की पाय थोडा उचलायचा, गिअर खाली टाकायचा, उतरल्यावर काटा 300-400 वर येईपर्यंत इंजिन नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही.

आता हे भोक कारखान्यातच पडतं. अमेरिकेत 2007 च्या धूरनियमांनंतर आणि आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर डिझेल ट्रकच्या एक्झॉस्टमध्ये तापमानाचे सेन्सर कंपनीच बसवते, बहुधा एकाहून अधिक. काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ करायला सुमारे 600 अंश सेल्सिअसची उष्णता लागते, आणि तिच्यावर कोणीतरी नजर ठेवलीच पाहिजे. ती ठेवतो कॉम्प्युटर. इंधन कमी करायचं तर तोच करतो. ड्रायव्हरला आकडा बहुधा दिसत नाही. दिसतो एक दिवा, तोही गोष्ट हाताबाहेर जायला लागल्यावर. बसवलेली सळी पूर्वीपेक्षा अचूक आहे, तिची जागा अभ्यासाने ठरवलेली आहे, कीस टर्बोत जायची भीती नाही. पण घाटात ताकद अचानक कमी झाली तर का झाली, हे गाडी चालवणाऱ्याला गॅरेजमध्ये स्कॅनर लावून विचारावं लागतं.

प्रश्न असतील तर आता घेऊ या.