अर्धा दिवस, अजिंठा आणि हत्ती

हत्तींची 'एथिकल सँक्च्युअरी' ही आता परदेश सहलीतली ठरलेली गोष्ट झाली आहे. थायलंडला, त्यातून चियांगमाईला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवलेला असतो. सकाळी हॉटेलवरून गाडी, मग हत्तीला केळी भरवणं, चिखल, नदीतली आंघोळ, भरपूर फोटो आणि जेवण करून दुपारी परत. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच गोष्ट लिहिलेली असते: इथे हत्तीवर बसत नाहीत!

हे प्रकरण कुठून आलं? थायलंडने १९८९ साली जंगलातल्या लाकूडतोडीवर बंदी घातली. ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. काही हत्ती शहरात भीक मागायला लागले, बरेचसे पर्यटनात आले. पाठीवर हौदा, सोंडेने चित्रं काढणं वगैरे खेळ सुरू झाले. मग त्या खेळांमागच्या साखळ्या आणि अंकुश लोकांना दिसायला लागले, आणि त्यावरचा उतारा म्हणून अभयारण्यं आली. अमेरिकेत टेनेसीमधे १९९५ साली असंच एक अभयारण्य सुरू झालं. तिथे पर्यटकाला हत्तीजवळ जाऊच देत नाहीत. आपल्याकडे मथुरेजवळ २०१० पासून असं केंद्र आहे.

आता यावर आपल्याकडचं एक ठराविक उत्तर असतं: "हे सगळं पाश्चात्यांचं खूळ आहे हो. आम्ही हत्तीला देव मानतो, आम्हाला कोण शिकवणार?" २०२५ च्या जुलै-ऑगस्टमधे कोल्हापूर भागात हे वाक्य फार ऐकू आलं. त्याबद्दल पुढे लिहितोच. पण त्या आधी मला तुम्हाला अजिंठ्याला न्यायचं आहे. कारण हत्तीला ठेवावं की सोडावं हा वाद तिथल्या भिंतीवर पाचव्या शतकातच रंगवून ठेवलेला आहे, आणि तो काढणाऱ्यांना शिकवायला कोणी पाश्चात्य आला नव्हता.

छत्रपती संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं सांभाळा. बाकी फक्त हत्तीच बघायचे ठरवले तर अर्धा दिवस पुरतो. तीन लेणी बघायची: १०, १६ आणि १७.

१० नंबरचं लेणं सगळ्यात जुन्यांपैकी, इसवी सनाच्या आधीचं. २८ एप्रिल १८१९ रोजी शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या एका खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. खांबाजवळ गर्दी असते ती त्या नावासाठी. उजव्या भिंतीवर मात्र षड्दंत जातक आहे, तिकडे फारसं कोणी बघत नाही. रंग बरेच उडालेत, पण हत्तींचे कळप कळतात. सहा सुळ्यांच्या हत्तीची ही गोष्ट. त्याच्यावर रुसून मेलेली त्याची हत्तीण पुढच्या जन्मी काशीची राणी होते आणि सूड म्हणून त्याचे सुळे आणायला शिकारी पाठवते. हत्ती शिकाऱ्याला मारू शकत असतो, पण मारत नाही. उलट सुळे कापायला मदत करतो. सुळे समोर आल्यावर राणीचं काळीज फाटतं. हस्तिदंताच्या व्यापाराबद्दल इतकी जुनी आणि इतकी नेमकी तक्रार दुसरीकडे क्वचितच सापडेल.

१६ नंबरचं लेणं वाकाटक सम्राट हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने खोदवलं. त्याचा शिलालेख तिथे आहे. नदीच्या बाजूने वर येणाऱ्या पायऱ्यांवर दोन्ही अंगांना दोन दगडी हत्ती आहेत. आता गंमत बघा. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी प्रवासी महाराष्ट्रात आला होता. दरीतल्या एका मोठ्या विहाराचं वर्णन करताना तो लिहितो की दाराबाहेर डावी-उजवीकडे एकेक दगडी हत्ती आहे, आणि लोक म्हणतात की हे हत्ती कधीकधी आरोळी देतात आणि धरणी हादरते. हा विहार म्हणजे अजिंठाच असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याने तो स्वतः पाहिला की ऐकून लिहिलं, यावर मात्र मतभेद आहेत.

त्याच ह्युएन त्संगने इथल्या जिवंत हत्तींबद्दलही लिहून ठेवलंय. तेव्हा राजा होता चालुक्य दुसरा पुलकेशी. ह्युएन त्संग सांगतो की या राजाकडे शेकडो लढाऊ हत्ती आहेत आणि लढाईच्या आधी त्यांना दारू पाजून शत्रूवर सोडतात.

म्हणजे एकाच माणसाच्या एकाच प्रदेशाच्या वर्णनात दाराशी पूजनीय दगडी हत्ती आणि रणांगणावर दारू पाजलेला खरा हत्ती! 'आम्ही हत्तीला देव मानतो' हे खरंच आहे, पण ते अर्धं खरं आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे दोन्ही अर्ध एकत्र दिसतात. राज्याच्या सीमेवर हस्तिवन राखावं आणि हत्ती मारणाऱ्याला देहदंड द्यावा असं तिथे सांगितलंय. पिल्लं, आजारी हत्ती, गाभण हत्तीण आणि पिल्लाला पाजणारी हत्तीण यांना पकडू नये असंही आहे. वाचून बरं वाटतं. पण मग हे वन राखायचं कशासाठी? तर वीस वर्षांचा हत्ती उन्हाळ्यात पकडून सैन्यात घालण्यासाठी. जय हत्तींवर अवलंबून असतो, हे त्याचं साधं गणित होतं.

आणि हे हत्ती सगळेच्या सगळे जंगलातून पकडून आणलेले. हत्तीला आपण हजारो वर्षं माणसाळवलं असं म्हणतो, पण गाय किंवा कुत्रा जसा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात बदलत गेला तसा हत्ती कधी बदलला नाही. प्रत्येक हत्तीला नव्याने पकडायचं आणि नव्याने मोडायचं. अकबराच्या काळात आईन-ए-अकबरीमधे मध्य भारतातल्या रानटी हत्तींचा मुलूख वऱ्हाडाच्या दिशेपर्यंत सांगितलाय. म्हणजे अजिंठ्याच्या चित्रकारांना हत्ती ऐकून माहीत नव्हता. त्याने पाण्यात कसं डुंबावं, पिल्लाने आईच्या पायाशी कसं राहावं, हे त्यांनी बघून काढलंय.

आता १७ नंबर. हे हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचं. इथे हत्ती किती आहेत ते मोजत बसू नका, दमाल. ओसरीच्या भिंतीवर नालागिरी आहे. देवदत्ताने बुद्धाच्या अंगावर सोडलेला, दारू पाजून पिसाळवलेला हत्ती. रस्त्यात धुमाकूळ, सज्जांतून बघणारे घाबरलेले लोक, आणि शेवटी बुद्धापुढे गुडघे टेकलेला तोच हत्ती. ह्युएन त्संगने सांगितलेली लष्करी पद्धत आठवा, म्हणजे हे चित्र बघणाऱ्याला किती ओळखीचं वाटलं असेल ते कळेल.

पण आपण आलोय ते मातृपोषक जातकासाठी. गोष्ट थोडक्यात सांगतो.

एक पांढरा हत्ती आपल्या आंधळ्या आईला सांभाळत जंगलात राहत असतो. एके दिवशी रानात वाट चुकलेला माणूस त्याला भेटतो. हत्ती त्याला पाठीवर घेऊन जंगलाबाहेर सोडतो. माणूस जाताजाता झाडांच्या खुणा लक्षात ठेवतो, आणि काशीला जाऊन राजाला सांगतो की तुमचा मंगलहस्ती मेलाय ना, मी तुम्हाला दुसरा दाखवतो. राजाची माणसं येतात. हत्ती त्यांना चिरडू शकत असतो, पण रागावणं त्याच्या शीलात बसत नाही. तो निमूट जातो. नगर सजवलेलं असतं, हत्तीशाळा शृंगारलेली असते, उत्तमातलं उत्तम खाणं समोर ठेवलेलं असतं. हत्ती खात नाही.

राजा विचारतो, का खात नाहीस? हत्ती सांगतो की आई तिकडे उपाशी आहे. राजा त्याला सोडून देतो. हत्ती धावत जातो, सोंडेत पाणी घेऊन आईच्या अंगावर उडवतो. आंधळ्या आईला वाटतं पाऊस आला.

यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते राजाचं वागणं. तो वाईट माणूस नाही. त्याने हत्तीला मारलेलं नाही. शाळा उत्तम आहे, खाणं उत्तम आहे, मान आहे, आणि प्रेमही आहे असं धरू. पण 'मी याच्यावर किती प्रेम करतो' हा हिशेब तो मांडत नाही. तो समोरचं न शिवलेलं खाणं बघतो आणि विचारतो. पुरावा हत्तीकडून घ्यायचा, मालकाकडून नाही. आजचे प्राणिवैद्य हत्तीच्या पायांच्या भेगा, नखं, एकाच जागी डुलत राहणं, सोबतीला दुसरा हत्ती आहे की नाही हे तपासतात, तेव्हा ते याहून वेगळं काय करतात?

आता कोल्हापूर. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठात महादेवी ऊर्फ माधुरी ही हत्तीण १९९२ पासून होती. तिची प्रकृती आणि एकटेपण यावरून प्रकरण उच्चाधिकार समितीकडे, तिथून कोर्टात गेलं. १६ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवायचा आदेश कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही आणि महिनाअखेरीस ती गेली. निरोप द्यायला गाव लोटलं, लोक ढसाढसा रडले. ऑगस्टमधे हजारोंचा मूक मोर्चा निघाला. त्या आधी २०१४ साली जोतिबाच्या 'सुंदर' हत्तीला बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात हलवलं, तेव्हाही कोर्टकचेऱ्या झाल्याच होत्या.

त्या रडणाऱ्या लोकांची मी टिंगल करणार नाही. तेहेतीस वर्षं दारात असलेला जीव गेला की घर सुनं होतं. मठाची हत्ती पाळायची परंपरा जुनी आहे, आणि आपण हेळसांड केली नाही असं मठाचं म्हणणं होतं. शिवाय जातकातल्या राजाकडे एक सोय होती जी आपल्याकडे नाही. त्याच्या हत्तीला परत जायला जंगल होतं आणि वाट बघणारी आई होती. तीन दशकं माणसांत काढलेल्या हत्तिणीला आज जंगलात सोडणं म्हणजे तिला मारणंच. जामनगर हे काही तिचं माहेर नव्हे. आमच्या धंद्यात जुनी सिस्टीम एका रात्रीत बंद करता येत नाही. ती नीट सांभाळत शेवटापर्यंत न्यायची, पण तिच्यावर नवं काही बांधायचं नाही. हत्तींचं अभयारण्य म्हणजे खरं तर तेवढंच आहे: झालेली चूक सांभाळायची जागा. तिथे कळप असावा, मऊ माती असावी, पाणी असावं, आणि नको असेल तेव्हा माणसाकडे पाठ फिरवून निघून जायची मुभा असावी.

याच कसोटीवर ती थायलंडची अर्ध्या दिवसाची सहलही घासून बघा. पाठीवर बसत नाहीत हे ठीक. पण दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी पर्यटकांबरोबर नदीत उतरायला हत्ती आपणहून येतो का? जानेवारी २०२५ मधे थायलंडमधल्या अशाच एका केंद्रात हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश तरुणीचा जीव गेला. 'नैतिक' ही पाटी लावून हत्तीचा स्वभाव बदलत नाही.

आणि गोष्टीचा शेवट राहिलाच. पाली जातकात पुढे असं येतं की राजाने त्या सरोवराजवळ वस्ती वसवली आणि तिथे जाऊन हत्तीची आणि त्याच्या आईची सेवा केली. नंतर हत्तीची दगडी मूर्ती करवली, आणि तिच्यापुढे दरवर्षी देशभरचे लोक जमून हत्तीचा उत्सव करू लागले. म्हणजे राजाने हत्ती सोडला, पण भक्तीही सोडली नाही आणि उत्सवही सोडला नाही! फक्त जाण्यायेण्याची दिशा बदलली. आधी हत्ती राजाकडे आणला होता, आता राजा हत्तीकडे जायला लागला. आणि मिरवायला दगडाचा हत्ती.

ऑगस्ट २०२५ मधे नांदणी भागातच हत्तीसाठी पुनर्वसन केंद्र उभारायची तयारी वनताराने दाखवली, तेव्हा मला ही सरोवराकाठची वस्तीच आठवली. केरळात २०२३ पासून काही देवळांनी उत्सवासाठी यांत्रिक हत्ती घेतले, त्याची काही लोकांनी फार चेष्टा केली. पण जातकातला राजा ते बघून हसला नसता.

असो. पुढच्या वेळी अजिंठ्याला गेलात तर पद्मपाणीसमोरची गर्दी झाली की १७ नंबरमधे थोडं थांबा. फ्लॅश मारू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग हत्तीशाळेतला तो न खाणारा हत्ती शोधा. आणि बरोबर मुलं असतील तर आईच्या अंगावर पाणी उडवणारा आधी दाखवा. खाण्याचं नंतर तीच विचारतील.