वॉरिंग्टन पिता-पुत्र आणि माशांची टाकी

शाळेत माशांची टाकी ठेवायची ठरली की बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी वाळू, पाणवनस्पती आणि दहा-बारा मासे असा सगळा संसार मांडला जातो. पाणी नितळ दिसतं. आठवड्या-दोन आठवड्यांत मात्र एकेक मासा मरू लागतो. वनस्पती ऑक्सिजन देतात असं आपण वर्गात शिकवलेलं असतं, मग मासे मेले कशानं? याचं उत्तर मिळायला चाळीस वर्षं लागली. त्यात एकाच घरातल्या दोन पिढ्यांचा हात आहे.

१८४९ साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं सुमारे ५५ लिटरच्या काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले. तळाशी वाळू आणि चिखल, त्यात व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या लांब पानांची वनस्पती. वनस्पती उजेडात ऑक्सिजन सोडतात हे तेव्हा माहीत होतंच. पण जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननी मग तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि तो थर खाऊन टाकला, शिवाय त्यांची अंडी माशांना खाद्य झाली. पाणी पुन्हा स्वच्छ झालं. हे निरीक्षण १८५० मध्ये प्रसिद्ध झालं. मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा 'समतोल' पुढे पुस्तकांतून इतका पक्का झाला की आजही आपण तेवढंच सांगून थांबतो.

पण मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात आणि तो त्यांना विषारी असतो. उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. हा अमोनिया जातो कुठे?

याचा धागा सापडला तो सांडपाण्यात. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युन्ट्झ यांनी वाळू भरलेल्या लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. नंतर त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया बंद पडली. म्हणजे काम वाळूचं नव्हतं, वाळूवर वाढलेल्या जिवाणूंचं होतं. ते वीस दिवस आम्हाला या साऱ्या हकिगतीत सर्वांत मोलाचे वाटतात.

ही बातमी ज्यांनी लगेच उचलली त्यांत इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रातले एक रसायनशास्त्रज्ञ होते. नाव पुन्हा रॉबर्ट वॉरिंग्टन! हा त्यांचा मुलगा, वडिलांच्याच प्रयोगशाळेत शिकलेला. त्याला रस होता शेतातल्या मातीत. त्यानं दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत होतं: एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशांना घातकच. हे जिवाणू वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. ते १८९० मध्ये विनोग्राडस्की यांनी केलं.

वडिलांच्या टाकीत तळाचा चिखल होता आणि मासे दोनच. जिवाणूंना जम बसवायला जागा होती, कामही थोडंच होतं. शाळेच्या टाकीत धुतलेली वाळू आणि डझनभर मासे. म्हणून सुरुवातीचे चार-सहा आठवडे एक-दोन काटक मासे, चिमूटभर खाद्य आणि जुन्या, निरोगी टाकीतली मूठभर वाळू एवढंच पुरे. आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की त्यातला साधा क्लोरीन उडून जातो. गाळणीचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दर महिन्याला सगळं रिकामं करून नळाखाली चकचकीत घासणारे उत्साही विद्यार्थी दर महिन्याला पहिल्या दिवसापासून सुरुवात करतात.

दोन जिवाणूंच्या या हिशोबात अलीकडे एक भर पडली आहे. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटा करणारा नायट्रोस्पायरा गटातला जिवाणू २०१५ मध्ये सापडला, आणि तोही मासे पाळण्याच्या व्यवस्थेला जोडलेल्या एका गाळणीत.