सीएनसी यंत्रांतील सिरियल संपर्कदोष

जुना सीएनसी नियंत्रक आणि संगणक यांच्यात आरएस-२३२ केबलने प्रोग्रॅमची देवघेव होताना येणारे बिघाड. महाराष्ट्रातल्या जालन्याची ओळख पोलादी सळईची. सळईवरच्या कडा उमटवणाऱ्या रोलांना खाचा पाडण्याचे काम सीएनसी यंत्रांवर होते. अशा कामातले जुने नियंत्रक पेन ड्राइव्ह ओळखत नाहीत, म्हणून ही केबलच वापरावी लागते.

फानुक कंपनीच्या ० मालिकेतल्या नियंत्रकांत दोष अलार्मच्या आकड्यावरून कळतो. ०८५ आला की बॉड रेट, पॅरिटी वा स्टॉप बिट जुळत नाहीत. ४८०० किंवा ९६०० बॉड, ७ बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट ही नेहमीची मांडणी. ०८६ म्हणजे समोरचे उपकरण तयार असल्याचा संकेत नाही. २५ पिनांच्या प्लगात ४-५ आणि ६-८-२० जोडून हा संकेत यंत्रालाच परत देतात; त्यातला सोल्डरचा एक डाग सुटला तरी काम अडते. ०८७ मध्ये नियंत्रकाने ‘थांब’ म्हटल्यावरही संगणक पाठवतच राहतो. स्वस्त यूएसबी कन्व्हर्टरवर पहिला संशय घ्यावा तो इथे.

मधूनच तुटणाऱ्या संपर्कामागे बहुधा विद्युत गोंगाट असतो. इंडक्शन भट्टी वा मोटारीच्या वायरींजवळून केबल नेऊ नये, लांबी १५ मीटरच्या आत ठेवावी. दोन्हीकडची वीज बंद करूनच प्लग लावावा, एरवी अर्थिंगमधल्या फरकाने पोर्टची चिप जळते. नियंत्रकाच्या स्मृतीतल्या पॅरामीटरची प्रत आधीच काढलेली बरी. ही स्मृती टिकवणारी बॅटरी मात्र यंत्र चालू ठेवूनच बदलतात, नाहीतर पॅरामीटर पुसले जातात.