कौल आणि सवलत
वर्धा शहर फार जुने नव्हे. १८६२ साली जिल्हा नागपूरपासून निराळा झाला, पुलगावजवळच्या कवठ्याचे ठाणे हलले आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी हे शहर आखले गेले. आखणी एकवेळ सोपी, वसाहत कठीण.

मराठेशाहीत यावर तोड होती ती कौलाची. नवी पेठ वसवावयाची तर शेटे-महाजनांस काही वर्षे करमाफीचा कौल मिळे. पडीत जमिनीस इस्तावा असे, म्हणजे सारा वर्षागणिक चढत जाई आणि पूर्ण दर मुदतीअखेर लागे. सरकार आपले येणे लांबवीत असे, आणि सवलत पडे ती प्रत्यक्ष येऊन राहणाऱ्याच्या, कसणाऱ्याच्या पदरी.

जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने बांधकामावरील अधिमूल्य वर्षअखेरपर्यंत निम्मे केले. येथे येणे लांबले नाही, सुटलेच! सवलत घेणाऱ्या बिल्डराने गिऱ्हाइकाचे मुद्रांक शुल्क भरावे, ही अट मात्र जुन्या कौलाच्या जातीची. पण अधिमूल्य ठरते जमिनीच्या सरकारी दरावर. मुंबईचे निम्मे कोठे आणि वर्ध्याचे कोठे? जमीन जिथे आधीच सोन्याच्या मोलाची, तिथेच ही माफी मोठी झाली.